बानाबाईची हाक

वारा : १६ नॉट

ढोरकीनच्या पुढं गाडी डांबर सोडून आत वळली, तसा अजिनाथनं काच खाली केली आणि वास आला. सुकलेला गाळ, मेलेले मासे, वेडी बाभूळ. नाथसागर आटला की हा वास सुटतो आणि पार रस्त्यापर्यंत येतो. जून संपत आला होता, पावसाचा पत्ता नव्हता. पाणी मागं सरकत सरकत इतकं लांब गेलं होतं की धरणाच्या पोटातून गाडी दोन किलोमीटर चालली तरी चाक ओलं झालं नाही.

गाडी श्रेयाची होती. ती औरंगाबादची, वय सव्वीस. बीड बायपासला तिच्या घरची शेती होती, तिथं आता सात मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्याच एकीत ती राहते. दोन वर्षांपूर्वी ती रामेश्वरमजवळ समुद्रावर काइटसर्फिंग शिकायला गेली होती. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, वर चोवीस मीटर दोऱ्यांवर कापडाची मोठी काइट. वारा काइटला ओढतो, काइट माणसाला पाण्यावरून ओढते. ते शिकवणारा माणूस, हाच अजिनाथ, आपल्याच जिल्ह्यातला, पैठण तालुक्यातल्या धनगराचा निघाला, याचं तिला अजून हसू यायचं.

"सर, इथं एवढा वारा असतो हे मला माहीतच नव्हतं. आमच्या गच्चीवरची टाकी हलायला लागली, तेव्हा कळलं."

"टाकी रिकामी असंल."

"सहा दिवसांनी येतं पाणी. रिकामीच की."

सर वाऱ्यासाठी आलेत असं तिला वाटत होतं. तिनंच फोनवर सांगितलं होतं, नाथसागरावर वारा सुटलाय, दोन दिवस प्रवासात मोडले तरी चालतील, या. अजिनाथ लगेच हो म्हणाला होता, कारण आज तेवीस जून होती आणि उद्या चोवीस. मागच्या वर्षी चोवीस जूनला त्याची आई, बानाबाई, गेली. उद्या तिचं वर्षश्राद्ध. त्याला बसू देतील की नाही, एवढंच बापाला विचारायला तो दीड हजार किलोमीटर आला होता. काइट हे निमित्त होतं.

आई गेली त्या दिवशीही असाच वारा होता. अजिनाथ सकाळपासून पाण्यावर होता, फोन किनाऱ्यावर पिशवीत. संध्याकाळी पिशवी उघडली तर बहिणीचे, ज्ञानेश्वरीचे, अकरा फोन येऊन गेलेले. गाड्या बदलत तो घरी पोचला तेव्हा राखही सावडून झाली होती. दारात दहा माणसं बसलेली. त्याचे वडील, आप्पा, त्यांच्याकडं बघून म्हणाले, "पतंग उडवत व्हता." तो तेराव्यापर्यंतही थांबला नाही. त्यानंतर वर्षभर बापलेकांत एक शब्द नाही.

वारा : १९

मेंढरं आधी दिसली, मग आप्पा. काळ्या भेगाळ गाळावर, पाण्याच्या कडेला जिथं थोडं हिरवं उगवलं होतं तिथं सत्तरेक मेंढरं खाली माना घालून चरत होती. आप्पा काठीवर हनुवटी टेकून उभे. पायाशी कुत्रा.

आप्पांनी पाव्हण्यांना नीट पाहिलं आणि कुत्र्याला म्हणाले, "काळ्या, पाव्हनं आलेत. बूट घालून आलेत. भुकू नको."

"आजोबा, तुम्ही इथलेच का?" श्रेयानं विचारलं.

"इथलंच बाई. तू उभी हायेस ना, त्ये माझ्या आज्याचं रान. धरनात गेलं. दुष्काळ पडला की सरकार आमाला आमचं रान दावतं."

"आणि पाऊस पडला की?"

"मंग झाकून ठिवतं. काळ्या, बाईला त्या मोटारी दाव. तितनं पानी वर जातं तुमच्या शहराला. आमच्या मेंढरानं त्वांड लावलं की पंपवाला शिव्या देतो."

श्रेया हसली. अजिनाथ पुढं झाला.

"आप्पा."

आप्पा कुत्र्याकडं वाकले. "काळ्या, कुनी हाक मारली का रं? मला हल्ली वाऱ्यात ऐकू येत नाय."

श्रेयानं एकदा याच्याकडं, एकदा त्यांच्याकडं पाहिलं. नाक एकच होतं. ती हळूच म्हणाली, "सर, हे तुमचे...?"

"वडील."

गाडीत सगळा रस्ताभर अजिनाथनं वाक्य घडवून ठेवलं होतं.

आप्पा, उद्या आईचं वर्ष आहे, मी

आप्पा, तुमची हरकत नसंल तर उद्या

आप्पा, त्या दिवशी मी खेळत नव्हतो. ते काम आहे माझं. तुम्ही मेंढरामागं असता तसा मी पाण्यावर

यातलं एकही वाक्य पुरं होऊन तोंडाबाहेर पडलं नाही. मधे कुत्रं होतं. आप्पा जे काही बोलायचे ते कुत्र्याशी, आणि कुत्र्याला उत्तर द्यायची सवय नव्हती.

वारा : २४, झटके तिसाच्या वर

हा आकडा श्रेयाच्या हातातल्या छोट्या यंत्रावरचा. तिनं ते तोंडासमोर धरलं, पुन्हा धरलं, आणि यंत्र खिशात टाकलं.

"नको सर. तुम्हीच शिकवलंय, असे झटके असले की किनाऱ्यावर बसून चहा प्यायचा."

"चहा कुठाय इथं."

तो पंपानं काइटमध्ये हवा भरत बसला होता. नऊ मीटरची निळी काइट. हवा भरली तशी ती गाळावर फुगून उभी राहिली आणि फडफडायला लागली. आप्पा चार पावलं जवळ आले. एवढ्या जवळून त्यांनी ती वस्तू आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. बोटानं कापड दाबून बघितलं, ढोराची कास बघतात तसं.

"ह्येच का त्ये?" त्यांनी श्रेयाला विचारलं.

"काय आजोबा?"

"ज्येच्यापायी ह्याच्या आईला ह्याचं त्वांड दिसलं नाय."

श्रेया दोऱ्या सोडवायला खाली बसली, आणि गाठ नसलेली दोरीही सोडवत राहिली.

त्या घडीला अजिनाथनं ठरवलं की आज पाण्यात जायचं. वारा वाईट आहे हे त्याला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. सपाट कोरड्या गाळावरून येणारा वारा समुद्रावरच्या वाऱ्यासारखा सलग नसतो. तो अडखळत येतो आणि मग एकदम ढकलतो. पण बोलून जे सांगता येत नव्हतं ते दाखवून सांगता येईल असं त्याला वाटलं. हे खेळणं नाही. याला अंगात जोर लागतो, वारा वाचावा लागतो, जीव जाऊ शकतो. आप्पांनी एकदा बघावं. बघितल्यावर ते माणसाशी बोलतील, कुत्र्याशी नाही, आणि मग उद्याचं विचारता येईल.

काइट उडवायला समोर एक माणूस लागतो. तो तिला उभी धरतो, इकडून खूण झाली की सोडतो. श्रेयानं धरली आणि वाऱ्यानं तिला काइटसकट आडवी केली. ती उठली, पुन्हा पडली. आप्पांनी काठी तिच्या हातात दिली.

"बाजूला हो बाई. मी धरतो."

अजिनाथ दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाला, गुडघाभर पाण्यात उभा होता. चोवीस मीटरवर बाप दोन्ही हातांनी काइट छातीशी घेऊन उभा. धोतर वाऱ्यानं पायांना चिकटलेलं. दोऱ्या ताणल्या, तेव्हा त्यांतून आप्पांच्या हातांची ओढ अजिनाथच्या पंज्यात आली. एका वर्षात बाप त्याला एवढा जवळ कधीच लागला नव्हता. त्यानं अंगठा वर केला. ही खूण आप्पांना कुणी सांगितली नव्हती, तरी त्यांनी नेमकी वेळेला काइट सोडली, कोकराला पहिल्यांदा कुंपणाच्या जाळीबाहेर सोडतात तशी, न ढकलता.

मेंढरं काळ्याच्या भरवशावर होती. सात वर्षांचा असताना अजिनाथला आप्पांनी पहिली गोष्ट शिकवली होती ती ही, की वारा सुटलेला असताना कळपाकडं पाठ करायची नाही. आज आप्पांनी पाठ केली. पोराची काइट धरायला.

वारा मोजला नाही

पहिली दोन मिनिटं चांगली गेली. फळी पाण्यावर धडधडत होती, तोंडावर गढूळ पाण्याचे शिंतोडे येत होते, चव मातीची. अजिनाथनं मान वळवली. आप्पा डोळ्यांवर हात धरून बघत होते. कुत्र्याकडं नाही, मेंढरांकडं नाही, त्याच्याकडं. त्याला वाटलं आता वळून किनाऱ्याला जावं आणि विचारावं. वळलाही असता. पण बाप बघतोय म्हणून आणखी एक फेरी मारली.

पश्चिमेकडून धुळीची भिंत कोरड्या गाळावरून सरळ येत होती. ती त्याला दिसली तेव्हा उशीर झाला होता. झटक्यानं त्याला पाण्यातून उचललं, दोन माणसं उंच, आणि किनाऱ्याच्या दिशेनं नेलं. वरून त्याला सगळं एकदम दिसलं. श्रेया काठी धरून पळतेय, आप्पांचे हात वर आहेत, मेंढरांच्या पाठी. कमरेच्या पट्ट्यावरचा लाल गोळा, काइट सोडायची कळ, त्यानं ढकलला. काइट सुटली. तो पाण्यात आपटला, आणि काइट दोऱ्यांसकट गिरक्या खात, फडाफडा आवाज करत कळपाच्या मागं जाऊन पडली.

मेंढरं उधळली. मागं निळं काहीतरी फडफडतंय, तेव्हा ती पुढं पळाली, आणि पुढं पाण्याची कड होती. तिथला गाळ वरून वाळलेला दिसतो. वर बोटभर पापडी, आणि खाली माणूस कमरेपर्यंत जाईल असा लोण्यासारखा चिखल. पहिली पाच-सहा मेंढरं पोटापर्यंत रुतली. एक गेलं की मागचं त्याच्यामागं जातं, ही मेंढराची जात. मागची साठ त्यांच्या अंगावर चढायला निघाली.

अजिनाथ सगळ्यांत जवळ होता. पाण्यातून धडपडत उठून तो त्यांच्या आडवा गेला आणि त्यानं हाक दिली. लहानपणी रोज द्यायचा ती, छाती फुटेस्तोवर. ही हाक त्याच्या अंगात होती, ती विसरणं शक्यच नव्हतं, आणि ती बरोबरही आली.

एकाही मेंढरानं मान वळवली नाही.

चार वर्षं तो कळपात नव्हता. पवनचक्क्यांच्या कामाला म्हणून दक्षिणेत गेला, तिथं समुद्रावर काइट शिकला, राहिला. चार वर्षांत जुनी मेंढरं विकली गेली होती, काही मेली होती. ही नवी. यांनी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं. काळा रबरी पोशाख घातलेला, ओरडत अंगावर येणारा एक माणूस, एवढंच त्यांना कळलं. ती बिचकून आणखी आत सरकली. तो पुन्हा ओरडला. आणखी आत.

आणि मग त्याच्या मागून आई आली.

खालच्या पट्टीत सुरू होणारी, मधेच चिरकणारी, आणि शेवटी जिभेची टाळूवर दोनदा टक्-टक्. धनगराच्या प्रत्येक घराची हाक वेगळी असते, आणि त्या घरातल्या प्रत्येक माणसाचीही. ही बानाबाईची होती. सकाळी जाळी उघडताना, वाटेत गाडी आली तर, कोकरू मागं राहिलं तर. याच हाकेवर अजिनाथही जेवायला घरी यायचा. तो जागच्या जागी वळला.

आप्पा उभे होते. दोन्ही पंजे तोंडाभोवती, डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा तट्ट. साठीतल्या त्या दाढीच्या माणसाच्या तोंडातून बाईचा आवाज निघत होता.

मेंढरं थांबली. त्यांनी माना वर केल्या. मग मागची वळली, त्यांच्या मागची वळली, आणि चिखलाची कड सोडून सगळा कळप आप्पांच्या भोवती येऊन उभा राहिला.

वारा : २९, पुन्हा मोजला, २९

सहा रुतली होती. अजिनाथनं काइट ओढत आणली आणि चिखलावर पसरली. तिच्या फुगलेल्या नळ्यांवर पालथं पडून एकेका मेंढराच्या पोटाखाली हात घालायचे आणि मागून आप्पांनी त्याचे पाय धरून ओढायचे. श्रेया बाहेर आलेल्या मेंढरांचे पाय पुसत होती.  बोलणं एवढंच, "ओढ", "थांब", "शिंग धर". हे आप्पा अजिनाथला म्हणत होते, कुत्र्याला नाही. पण ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

खुरांनी काइट फाटली. पाच मेंढरं निघाली. सहावी गाभण होती, सगळ्यांत आत, नाकपुड्यांत चिखल गेलेला. ती बाहेर आली तेव्हा पोट अजून गरम होतं. आप्पांनी बोटानं तिच्या नाकातला चिखल काढला, पोटावर कान ठेवला, बराच वेळ ठेवला. मग उठले आणि हात धोतराला पुसले.

"मी काठी घेऊन मेंढरांकडं जायला पाहिजे होतं," श्रेया म्हणाली. "मी सरांकडं पळाले."

"तुला काय ठावं बाई. मलाच ठावं व्हतं."

वारा : ११

दुपार उतरायला लागली तसा वारा पडला. श्रेया पाणी आणायला गाडीकडं गेली, चांगला अर्धा तास लागेल अशा चालीनं. बापलेक मेलेल्या मेंढीच्या अलीकडं पलीकडं बसले.

"ही हाक," अजिनाथ म्हणाला.

आप्पा चिखलाच्या खपल्या नखानं काढत होते. "ती गेल्यावर चार दिस मेंढरं जाळीबाहेर पडंनात. माझं कवा ऐकलंच नव्हतं त्यांनी. मी आपला काठीवाला. पाला तोडून घालायचो जाग्यावर. पाचव्या दिशी म्हनलं बघू. कुनी नव्हतं आजूबाजूला, मनून केलं."

"आली लगेच?"

"नाय. आठ दिस लागलं. ज्ञानू म्हनली, आप्पा, रानात असलं काय करू नका, लोक हसतील. म्हनलं, हसूं दे."

अजिनाथनं वाक्याची जुळवाजुळव केली नाही. आता जमवायला काही उरलं नव्हतं.

"आप्पा, उद्या मी येऊ?"

आप्पांनी त्याच्याकडं सरळ पाहिलं. "उद्या काय हाय?"

"आईचं वर्ष."

 त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधायला अजिनाथ तयार होता, पण राग नव्हता. काहीतरी हिशेब लागत नसल्यासारखं ते त्याच्याकडं बघत राहिले.

"तिचं वर्ष झालं," ते म्हणाले. "बारशीला. निर्जळा एकादशीच्या दुसऱ्या दिशी. गेली तवा बी तीच बारस व्हती. दहा दिस झालं त्याला."

"चोवीस तारखेला गेली ती."

"तारीख मला ठावं नाय."

अजिनाथला ते ठाऊक होतं. या घरात कधी तारीख नव्हती. मेंढरं कातरायची ती तिथीनं, देवाला जायचं ते तिथीनं, मरण तर तिथीनंच. पण तिथी त्याला नेहमी आई सांगायची. तिचा फोन यायचा, परवा एकादस हाय, मटण खाऊ नको. येत्या अमुशाला घरी ये. बाकीचं वर्ष तो तारखांत राहायचा. कुणी किती तारखेला शिकायला येणार, किती तारखेला वारा वाढणार. ती गेल्यावर त्याला तिथी सांगणारं कुणी राहिलं नाही, आणि हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ज्ञानूनं फोन नाही केला."

"ती करत व्हती. मी नको म्हनलो. आईचं वर्ष हाय, पोराला का आवतन धाडायचं? यील." आप्पांनी मेंढीचा कान सरळ केला. "तुझं पान वाढून ठिवलं व्हतं. चार वाजंपत्तोर कुनाला जेवू दिलं नाय. चितेगावची पाव्हनी, ज्ञानूची लेकरं, समदी बसून. मंग ल्हानगी रडाया लागली भुकंनं. मंग म्हनलं, वाढा."

"मला वाटलं, तुम्हाला मी नको."

"मला वाटलं, तुला आमी नको."

 लांब पंप चालू होते.

"पुन्हा करता येत नाही का? उद्या, साधं, आपल्यातच?"

"येडा हायेस का," आप्पा म्हणाले, आणि या वेळी आवाज मऊ होता, म्हणून ते आणखी लागलं. "ती काय पुन्यांदा जाती व्हय? वर्ष एकदाच व्हतं. ती गेली आता म्होरं. तुझं जेवन न जेवता गेली, पर गेली."

अजिनाथनं तोंड गुडघ्यांत घातलं. रबराच्या पोशाखाला चिखलाचा आणि मेंढराच्या घाणीचा वास येत होता. आप्पांनी हात उचलला, त्याच्या पाठीवर ठेवावा म्हणून असेल, पण हात चिखलानं भरला होता, तो त्यांनी परत आपल्या मांडीवर ठेवला.

"आप्पा," गुडघ्यांतूनच अजिनाथ म्हणाला. "एकदा करा ना. ती हाक."

"आत्ता? कशाला? मेंढरं हितंच हायेत."

"एकदाच."

 आप्पा उठले, चार पावलं बाजूला गेले, पाठमोरे उभे राहिले. पंजे तोंडाभोवती धरले. घसा खाकरला. डोळे मिटले असतील. खालच्या पट्टीत सुरुवात केली, वर नेली, आणि मधेच तो आवाज फाटला, घोगरा, म्हाताऱ्या माणसाचा. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तसंच. जीभ टाळूला लागली, दोनदा, पण कोरडी.

"न्हाय निघत," ते पाठ न वळवता म्हणाले. "उगंच म्हनून न्हाय निघत ती."

मेंढरं चरत होती. एकाही मेंढरानं मान वर केली नाही.